फरक पडला, असं मीच लिहून दिलं

केस गेले त्याचं एवढं नाही. आमच्या वडिलांचेही चाळिशीच्या आत गेले होते. पण 48 हजार कसे गेले, ते सांगतो.

ठाण्यातल्या एका हेअर क्लिनिकमध्ये पीआरपीच्या (आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचतात) आठ सिटिंगचं पॅकेज घेतलं. पहिल्या दिवशी फोटो काढला तेव्हा केसांना तेल चोपडलेलं (रविवार होता), मान खाली आणि बरोबर डोक्यावर ट्यूबलाइट. सहा महिन्यांनी दुसरा फोटो काढायच्या आधी शाम्पू, ब्लोअर, केस मागून पुढे फिरवलेले. दोन्ही फोटो शेजारी धरून मॅडमनी विचारलं, "सर, फरक दिसतोय ना?" दिसत होता की! पैसे भरलेल्या माणसाला दिसतोच.

मग फॉर्म आला. केसांची वाढ कशी वाटते? थोडी, चांगली, खूप चांगली. 'काहीच नाही' किंवा 'आणखी गळले' याला चौकोनच नव्हता. फॉर्म भरला की पुढच्या सिटिंगला दोन हजारांची सूट. मी 'खूप चांगली'वर टिक केली, खाली सही ठोकली.

आठवड्याने सलूनमध्ये बसलो. बारा वर्षं तिथला एकच न्हावी माझे केस कापतो. मागे आरसा धरून म्हणाला, "दादा, भोवऱ्यापाशी अजून विरळ झालंय."

नंतर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, फिनास्टेराइड या केसगळतीवरच्या गोळीच्या चाचण्या झाल्या 1990च्या दशकात, तेव्हाही पुरुषांना प्रश्नावली दिली होती, पण तिच्यात 'आधीपेक्षा वाईट' म्हणायलाही जागा होती. शिवाय टाळूवर 1 इंच व्यासाचा गोल आखून त्यातले केस मोजले. फोटो काढताना उजेड तोच, केस विंचरायची पद्धत तीच, आणि ते फोटो वजा 3 ते अधिक 3 अशा पट्टीवर जोखणाऱ्यांना कोणाला कुठली गोळी दिलीय हे माहीत नव्हतं. तरीसुद्धा औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतल्या काहींना केस वाढल्यासारखं वाटलंच. माझ्या बाबतीत तर एक केस कोणी मोजला नव्हता.

त्यामुळे कुठेही पैसे भरण्याआधी आपल्या मोबाइलवर फोटो काढा, त्याच बल्बखाली, कोरड्या केसांचा, आणि दर महिन्याला तसाच. फॉर्मवर सही करायची घाई नको.

पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्लिनिकचं उत्तर दोन ओळींचं होतं. सोबत माझाच फॉर्म जोडला होता, 'खूप चांगली'भोवती लाल पेनाने गोल काढून.