जुना गिअरबॉक्स उघडावा की दुसरा बसवावा?

बारा-तेरा वर्षे वापरलेल्या मॅन्युअल गाडीत गिअर टाकताना खरखर होऊ लागली, तर आधी क्लच तपासावा. क्लच पूर्ण सुटत नसेल, तर रिव्हर्स टाकतानाही आवाज येतो आणि दोष गिअरबॉक्सचा नसतो. खरखर एखाद्याच, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरपुरती असेल, तर झिजलेल्या सिंक्रो रिंगचा, म्हणजे गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणाऱ्या कड्याचा, संशय घ्यावा. अशा वेळी आहे तोच गिअरबॉक्स उघडून रिंग, बेअरिंग आणि ऑइल सील बदलणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्याचा इतिहास आपल्याला माहीत असतो. मात्र तो उघडेपर्यंत खर्चाचा नेमका अंदाज कोणताही प्रामाणिक मेकॅनिक देऊ शकत नाही.

कुर्ल्यासारख्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा वापरलेला गिअरबॉक्स आणून बसवल्यास किंमत आधीच ठरते आणि गाडी लवकर रस्त्यावर येते, परंतु तो किती चालला आहे हे सांगणारे कोणीही नसते, आणि पेट्रोल-डिझेल किंवा मॉडेलचा मेळ चुकला तर तो बसतच नाही. तरीही आपल्या गिअरबॉक्समधले दाते तुटले असतील किंवा केसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, तडा गेला असेल, तर हाच मार्ग परवडतो.

गिअरबॉक्स दोन्ही वेळा खाली उतरतोच, म्हणून झिजलेली क्लच प्लेट त्याच मजुरीत बदलून घ्यावी. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणास येते; ती मुदत जवळ असेल, तर मोठा खर्च करण्याआधी गाडीचा सांगाडा किती गंजला आहे, हे खाली वाकून पाहावे.