सात कॅसेटी आणि नानांचं पॉजचं बटण

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एक जण जुन्या व्हीएचएस कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देतो. कॅसेटमागे 350 रुपये. माझ्या सात होत्या, अकरा दिवस लागले. हात चांगला आहे, पण एक गोष्ट आधी बोलून घ्या, नाहीतर माझ्यासारखी दुसरी खेप पडेल.

कॅसेटींत लग्नबिग्न नाही. 2003 मध्ये मी पंधरा वर्षांचा होतो आणि एका मराठी मालिकेत नायिकेचा धाकटा भाऊ होतो. भुसावळहून रात्रीच्या गाडीने दादर, तिथून लोकलने गोरेगाव, पुढे चित्रनगरी. दीड वर्षाने मिसरूड फुटलं आणि लेखकाने मला शिकायला अमेरिकेला धाडलं. तिथून मी अजून परत आलेलो नाही. फैजपुरात कृषी केंद्र चालवतो. केळीचं खत न्यायला आलेला एखादा अजूनही तोंडाकडे बघत बसतो.

(आता चौदा वर्षांखालच्या कलाकाराच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावाने मुदत ठेवीत टाकावे लागतात. नियम 2017 चा. माझे पैसे नानांनी विहिरीच्या मोटरीत घातले. तक्रार नाही, बाग त्याच पाण्यावर आहे.)

नाना रोज व्हीसीआरपुढे बसून भाग टेप करायचे. जाहिरात आली की पॉज. मग तंबाखू मळायला घ्यायचे, त्यामुळे ब्रेकनंतरचं पहिलं वाक्य एकाही भागात नाही. मध्येच लाइट गेली की भाग तुटायचा आणि खालची जुनी क्रिकेटची मॅच वर यायची.

दुकानदाराने कॅसेटचं झाकण उचलून टॉर्च मारला. फितीच्या कडेला पांढरे ठिपके. "भाऊ, बुरशी लागेल आहे याले. घरी लावू नका, हेड खराब होईन." त्याने कॅसेट खोलून फीत हाताने पुसली, तुटली होती तिथे जोडली. तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्यामुळे बिचाऱ्याने माझी अख्खी कारकीर्द बघितली. मत विचारलं तर म्हणाला, "मोटरसायकल छान होती."

घरी लावलं. चित्र स्वच्छ, आवाज बरा. बघताना पहिल्यांदा कळलं की माझ्या तोंडी 'ळ' जवळजवळ नाहीच. आमच्याकडे केळीची केयी होते, काळ्याचा काया. सेटवर लोक हसायचे, म्हणून संवाद लिहिणाऱ्याने माझ्यापुरता 'ळ' गुपचूप वगळलेला दिसतो. काळजीऐवजी चिंता, वेळेऐवजी टाइम. फक्त एकदा माझ्या तोंडून "आई, मला वेय नाही" निसटलं होतं आणि ते तसंच टीव्हीवर गेलं. नानांनी ती जागा पाहुण्यांना मागेपुढे करून इतक्यांदा दाखवली की फीत तिथे झिजली.

पेनड्राइव्हवर ती जागाच नव्हती. मॅचही नाही. फोन केला तर म्हणे, "खराब तेवढं काढून टाकलं ना भाऊ, वेगळे पैसे नाही लावले."

म्हणून सांगतो, न कापलेली फाइलसुद्धा मागून घ्या. मूळ फाइल त्याच्या हार्डडिस्कवर होती. चूक मान्य करून फुकट दिली, वर चहा पाजला. पाचपैकी चार स्टार.

ती जागा दुकानातच लावून पाहिली. "आई, मला वे" एवढं ऐकू येतं, मग नुसत्या आडव्या रेघा.