मोजा काकू, थेंब तुम्हीच मोजा

गुडघ्यातला पू काढतो म्हणणाऱ्या एका भोंदू वैद्याने आणि त्याच्या साथीदारांनी मला फसवलं. हे लिहायला मला पाच महिने लागले. गेलेल्या पैशांचं दुःख आहेच, पण माझ्या शब्दावर विसंबून आमच्या मजल्यावरच्या वहिनीही फसल्या, ते चारचौघांत सांगायला जीभ रेटत नव्हती. गेल्या आठवड्यात माझ्या लेकीच्या मैत्रिणीच्या आईला गावदेवी मैदानाजवळ त्यांच्यासाठी गिऱ्हाईक हेरणारी तशीच एक बाई भेटली आणि तिने मला विचारला होता तोच गुडघ्यांचा प्रश्न विचारला. म्हणजे ही माणसं अजून ठाण्यात फिरत आहेत. आता गप्प बसणं बरोबर नाही.

मी बासष्ट वर्षांची. महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले. राहायला वर्तकनगर. दोन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखत होते. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं आखडलेले, जिना उतरताना कळ, खाली बसलं की उठायला कुणाचा तरी हात. हाडांच्या डॉक्टरकडे मात्र मी एकदाही गेले नव्हते. गेलं की एक्स-रे काढतील आणि वाट्या बदला म्हणतील, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं. फारच दुखलं तर मेडिकलमधून एखादी गोळी आणायची आणि दिवस ढकलायचा. ती गोळीही महिनोन्‌महिने आपल्या मनाने घेतली तर पोटात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो, हे मला फार उशिरा कळलं.

मे महिन्यातला सोमवार होता. कौपिनेश्वराचं दर्शन घेतलं, जांभळी नाक्यावर भाजी घेतली आणि बसपर्यंत चालवेना म्हणून तलावपाळीच्या कट्ट्यावर टेकले. शेजारी एक बाई येऊन बसली. पस्तिशीची असेल. साधी सुती साडी, गळ्यात मंगळसूत्र, हातात भाजीची पिशवी. आपल्यातलीच वाटावी अशी. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "काकू, उजव्यात जास्त आहे ना? माझ्या आईला अगदी असंच होतं. वाट्या बदलायला सांगितल्या होत्या."

त्या 'वाट्या' शब्दाने मी अडकले. माझ्या मनातली भीती तिने माझ्याआधी बोलून दाखवली. मग आईला कसा गुण आला ते सांगितलं, फोन लावून 'आई'शी बोलणं करून दिलं. पलीकडून कुणीतरी म्हातारी आता गिरनारला जाऊन आल्याचं सांगत होती. तेवढ्यात बाजूने जाणारा एक गृहस्थ थांबला. "तुम्ही त्या वैद्यांबद्दल बोलताय का? माझ्या वडिलांना त्यांनीच उभं केलं." तो तिचाच साथीदार होता, हे आज उघड दिसतं. त्या दिवशी मला वाटलं, कौपिनेश्वरानेच माणूस धाडला.

दोन दिवसांनी 'वैद्य' घरी आले. आमचे हे तेव्हा गावी गेले होते, मुलगा पुण्यात. तेही बोलता बोलता त्या बाईने आधीच काढून घेतलं होतं. वैद्यांबरोबर तो गृहस्थही होता, आता मदतनीस म्हणून. चामड्याची बॅग, पितळी नळ्या, कापूस, कसलंसं तेल. गुडघा दाबून म्हणाले, "आत पू साचलाय. पाच-सहा थेंब असतील. थेंबाला चार हजार. निघाला तरच पैसे, नाहीतर एक रुपया नको."

पाच-सहा थेंब म्हणजे वीस-चोवीस हजार. ऑपरेशनपेक्षा बरं, असा हिशेब मी केला.

त्यांनी ब्लेडने त्वचेला बारीक चिरा दिल्या, नळी टेकवली आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढलं. आपल्याकडे पूर्वी तुंबडी लावत असत, तसंच. नळी वाटीत उपडी केली तर पिवळट घट्ट थेंब पडला. "मोजा काकू, थेंब तुम्हीच मोजा. नंतर आम्ही फसवलं म्हणू नका." आणि मी मोजू लागले. मी मोजतेय म्हणजे लबाडी कुठून होणार, असं वाटत राहिलं. थेंब खरा आहे का, हा प्रश्न त्या मोजण्यात बुडून गेला. सहा झाले, आठ झाले. दहाव्या थेंबाला मी पुरे म्हटलं. तसा त्यांचा आवाज बदलला. "अर्धवट सोडलं तर विष वर चढेल. हृदयापर्यंत जातं. जबाबदारी तुमची." घरात मी एकटी, पायातून रक्त येतंय, समोर दोन पुरुष. डाव्या गुडघ्यातून चौदा आणि उजव्यातून सतरा थेंब निघाले. एकतीस. एक लाख चोवीस हजार रुपये.

कपाटातले चाळीस हजार दिले. उरलेल्यांसाठी मदतनीस माझ्याबरोबर रिक्षाने बँकेत आला आणि बाहेर उभा राहिला. मुदत ठेव मोडताना खिडकीतल्या मुलीने "मॅडम, सगळं ठीक आहे ना?" असं विचारलंही होतं. मी हो म्हटलं. माझ्या मनात ते उपचाराचे पैसे होते.

पुढच्या उपचारासाठी पुड्या दिल्या. महिन्याचे अकरा हजार, मोबाइलवरून एका नंबरला पाठवायचे. पुडीवर नाव नाही, काही नाही. साध्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली करडी पावडर, सकाळ-संध्याकाळ मधातून.

आणि गुण आला! आठ दिवसांत गुडघे दुखायचे थांबले. भूक वाढली, उत्साह वाढला. गौरीच्या जेवणाला मी खाली मांडी घालून पुरणपोळ्या लाटल्या. ते बघून आमच्या वहिनींनी विचारलं आणि मी हौसेने नंबर दिला. वहिनींना बारा वर्षांची साखर आहे, गोळ्या चालू. त्यांच्या गुडघ्यांतून एकोणीस थेंब निघाले, शहात्तर हजारांचे. वर साखरेच्या गोळ्या बंद करा, आमच्या पुडीत सगळं आहे, असंही सांगितलं. ते वाक्य मी त्यांच्याच दिवाणखान्यात बसून ऐकलं आणि हरकत घेतली नाही.

तोपर्यंत माझा चेहरा गोल दिसू लागला होता. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठत होते, तहान भागत नव्हती. वयोमानाने होतं, म्हणून सोडून दिलं. सप्टेंबरच्या अखेरीला पुड्या संपल्या आणि त्यांचा फोन बंद लागला. चौथ्या दिवशी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, उलट्या सुरू झाल्या, हातापायांतलं बळ गेलं. ह्यांनी आणि शेजारच्या मुलाने मला उचलून दवाखान्यात नेलं. रक्तदाब पार खाली गेला होता आणि साखर साडेतीनशेच्या वर.

डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "बाहेरची काही पुडी, चूर्ण, गोळी घेत होता का?" मी नाही म्हणाले. सलाइन चालू असताना, बोलायचं त्राण नसतानाही खोटं बोलले, कारण हे शेजारी उभे होते आणि त्यांना एक लाख अडुसष्ट हजारांचा पत्ता नव्हता. बाईंनी त्यांना बाहेर पाठवलं, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी रागावणार नाही. पण तुम्ही सांगितलं नाही तर मी चुकीच्या दिशेने जाईन." तेव्हा मी सगळं सांगितलं.

त्यांनी समजावलेलं मी लेकीकडून त्याच रात्री वहीत उतरवून घेतलं. पुडीत स्टेरॉइड असणार, असा त्यांचा दाट संशय होता. सूज आणि वेदना झपाट्याने दबतात, भूक वाढते, चेहरा गोल होतो, रक्तातली साखर चढते, ही सगळी त्याचीच लक्षणं. आपल्या मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिलं की त्या झोपी जातात. मग पुडी एकदम थांबली तर शरीराकडे स्वतःचं काहीच नसतं. रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. माझं सकाळी आठचं कॉर्टिसोल फारच कमी निघालं. मला पुन्हा स्टेरॉइडच द्यावं लागलं, मोजून, आणि ते हळूहळू कमी करणं अजून चालू आहे. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे, असं बाई मुद्दाम म्हणाल्या. दमा, संधिवात अशा कितीतरी आजारांत ते लागतं. पण किती, किती दिवस आणि कसं थांबवायचं, हे ठरवणारा माणूस समोर हवा. कुणी अशा पुड्या घेत असेल तर त्यांनी हे वाचून आज घाबरून त्या बंद करू नयेत. पुडी घेऊन आधी डॉक्टरकडे जा. महिनाभराहून जास्त घेत असाल, तर आजच.

चिरा आणि तोंडाने ओढलेली नळी हे ऐकून त्यांनी कावीळ बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या करायला लावल्या. अहवाल येईपर्यंतचे ते दिवस मी विसरणार नाही. सुदैवाने काही निघालं नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी तर पुवाचं ऐकून डोक्याला हात लावला. सांध्याभोवती बंद आवरण असतं, आत वंगणासारखं थोडंसं पाणी. ते काढायचंच झालं तर निर्जंतुक सुईने काढतात, वरच्या कातडीला नळी लावून ते येऊच शकत नाही. आणि खरोखर पू झाला तर गुडघा लालबुंद, गरम होतो, बहुधा ताप येतो, पाय टेकवत नाही. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं, नाहीतर सांधा जातो. वाटीतले पिवळे थेंब त्यांनी नळीत आधीच भरून आणलेले असणार.

माझ्या गुडघ्यांना झीज आहे. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत ती स्पष्ट दिसली. ज्या वाट्यांच्या भीतीने मी दोन वर्षं डॉक्टर टाळला, त्यांबद्दल ते म्हणाले, "सध्या गरज नाही." मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, वजन पाच-सहा किलो कमी, खाली बसणं बंद, उजवीकडे त्रास म्हणून काठी डाव्या हातात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. एवढंच ऐकायला जायचं होतं मला. पडल्यावर पायावर भार घेता येत नसेल, गुडघा मध्येच अडकत असेल, विश्रांतीतही रात्रभर ठणकत असेल किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर मात्र वाट बघू नका, असंही त्यांनी बजावलं. पोटरीचं तर खासच. त्यात रक्ताची गुठळी असू शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते.

माझी एक विद्यार्थिनी आज आयुर्वेदाची पदवीधर वैद्य आहे. ती फार चिडली. तिच्याही शास्त्राचं नाव हे लोक बदनाम करतात. आयुर्वेदिक औषधावरही परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटक छापलेले असावेच लागतात, तिने सांगितलं. वैद्याची नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते, ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. नोंदणी क्रमांक विचारला तर खरा डॉक्टर रागावत नाही. मधुमेह किंवा संधिवात बरा करतो अशी जाहिरात करण्यावर १९५४च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे, हेही मला तिच्याकडूनच कळलं.

पोलिसांत तक्रार दिली. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं ३१८. मोबाइलवरून पाठवलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, पण चार महिने उलटून गेले होते. तिथे पहिले काही तास महत्त्वाचे, रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते. रोख दिलेल्याची तर पावतीच नव्हती. उरलेली एक पुडी वहिनींकडे होती, ती पोलिसांनी ताब्यात घेतली.

वहिनींकडे मी रुग्णालयातून सुटले त्याच संध्याकाळी गेले. दार उघडल्यावर आधी पुडीचं सांगितलं, माफी नंतर मागितली. त्यांना पुडी सुरू करून जेमतेम दोन आठवडे झाले होते. डॉक्टरांनी तपासून ती लगेच थांबवली, साखरेच्या गोळ्या पुन्हा चालू केल्या. पायाच्या अंगठ्याला झालेली बारीक जखम भरायला मात्र दीड महिना लागला, रोज ड्रेसिंग करत. पहिले दहा-बारा दिवस मीच त्यांना रिक्षाने घेऊन जात होते. जाताना येताना त्या माझ्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत. मग एका सकाळी रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "तो मदतनीस डाव्या हाताने लिहीत होता, तुमच्या तक्रारीत आहे का ते?" नव्हतं. तशीच रिक्षा पोलीस ठाण्याकडे वळवली आणि त्यांनी स्वतःचा जबाब दिला.