दामटून चालवलेली जुनी पेट्रोल स्विफ्ट, इंजिनचं काय झालं?

गाडी २०१२ची पेट्रोल स्विफ्ट, १,१९७ सीसीचं के-सिरीज इंजिन. रनिंग दीड लाखाच्या पुढे गेलंय आणि त्यातलं बरंचसं गोव्यातल्या साखळीपासून बेळगावपर्यंत, चोर्ला घाटातून, माणसं-सामान भरून आणि एसी चालू ठेवून. ही गाडी मी कधीच हळू चालवली नाही. घाटाखालचं केरी सोडून चढ लागला की दुसरा-तिसरा गिअर आणि पाच हजारांच्या वर रेव्ह, म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे (आरपीएम), कारण या इंजिनचा जीव वरतीच आहे, ८७ पीएस ताकद मिळते ती ६,००० आरपीएमला, खाली तसं बेताचंच. घरचे, शेजारचे सगळे सांगायचे, एवढी पिळतोस तर लाखाच्या आत इंजिनचं काम निघणार. नाही निघालं. इंजिन अजून उघडलेलं नाही, सकाळी सेल्फ मारल्यावर निळा धूर, म्हणजे ऑइल जळल्याची खूण, नाही, दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइल जेमतेम उतरतं, आणि आता गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाब किती धरतो ते) चेक करून घेतलं तर चारही सिलिंडर जवळजवळ सारखे.

मला तर या इंजिनचं मनापासून कौतुक वाटतं. पण श्रेय ऑइललाही आहे. इंजिन नीट तापलेलं असलं की बेअरिंग आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) मध्ये ऑइलचा थर राहतो, धातू धातूला लागतच नाही, मग रेव्ह वर गेले म्हणून बिघडत नाही, मीटरवरची रेव्हच्या मर्यादेची लाल रेषा कंपनीने विचार करूनच आखलेली असते. खरी झीज थंड इंजिनात होते. रात्रभर ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं, ते जाड असतं, वर थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं आणि ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि नेमकं तेव्हाच लोक गेटमधून बाहेर पडून ॲक्सिलरेटर दाबतात! तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) तापलं, ऑइल त्याच्यानंतर तापतं. मी केरीपर्यंत आरामात जातो, तोवर सगळं गरम होतं, मग घाट.

उलट माझ्या आतेभावाची गाडी बघा. म्हापशात घर ते दुकान, दुकान ते बाजार, एवढंच चालते, एकदम जपून, तीससुद्धा नसताना चौथा गिअर. ऑइल कधी पुरतं तापतच नाही, त्यामुळे त्यात गेलेलं पेट्रोल आणि पाणी उडून जात नाही, डिपस्टिक नाकाशी नेली तर पेट्रोलचा वास येतो. वरच्या गिअरमध्ये कमी रेव्हवर ओढायला लावलं की बेअरिंगवर लोड येतो तो वेगळाच. रनिंग माझ्या निम्मंही नाही आणि धूर आत्ताच सुरू झालाय.

आता दामटल्याने काहीच झिजत नाही असं मी म्हणणार नाही. उष्णता जास्त, त्यामुळे ऑइल लवकर खराब होतं, कंपनी १०,००० किमी म्हणते, मी त्याच्या बरंच आधी बदलतो, आणि यात कंजुषी केली असती तर आज हे लिहायला इंजिन राहिलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. क्लच प्लेट बदलावी लागली, ब्रेक पॅड तर घाट उतरताना संपतातच, टायरही. इंजिन माउंटिंग पण गेलं होतं. खर्च झाला तो इथे. आणि टर्बोवाली (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा असलेली) गाडी असेल तर घाट चढून आल्या आल्या चावी बंद करू नका, थोडा वेळ आयडलवर राहू द्या, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कार्बन धरतो.

सेकंडहँड स्विफ्ट बघत असाल तर माझं मत, घ्या, हायवेचं रनिंग जास्त दिसलं म्हणून घाबरू नका. पण काळ्या पाटीवर पिवळे आकडेवाली रेंटची गाडी असेल तर दहादा विचार करा, विमानतळावर चावी मिळाली की थंड इंजिनावरच पळवतात, आणि ऑइल वेळेवर बदललं की नाही कोण सांगणार. सर्व्हिसची बिलं मागा, आणि मालकाला सांगा आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नको, पहिला सेल्फ तुम्ही स्वतः मारा, म्हणजे थंड इंजिनाचा धूर दिसेल.