जॅझ बेस: पिकअप बदलावेत की प्रीअँप बसवावा?

पॅसिव्ह (बॅटरीविना चालणाऱ्या) जॅझ बेसचा, म्हणजे दोन पिकअपच्या एका बेस गिटारचा, आवाज पातळ वाटतो, गुणगुणही येते. मग पैसे नेमके कशात घालावेत, तारांची कंपने टिपणाऱ्या पिकअपमध्ये की तो आवाज घडवणाऱ्या प्रीअँपमध्ये, ही द्विधा बऱ्याच जणांची असते.

आधी गुणगुण तपासा. तारांना हात लावताच ती कमी होत असेल, तर दोष शिल्डिंगचा (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या आवरणाचा). मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तांब्याची चिकटपट्टी आणा, पिकअप आणि वायरिंगच्या खाचेत आतून लावा आणि ग्राउंडला जोडा. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावरच ती जात असेल, तर तो सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा गुणधर्म. तिथे हमकॅन्सलिंग (गुणगुण मारणारे) पिकअपच हवेत. प्रीअँपचा ट्रेबल (वरचे सूर) चढवला की ती उलट जास्तच ऐकू येते.

बसवायला पिकअप सोपे. मात्र ब्रिजकडचा बहुधा किंचित लांब असतो, तेव्हा दोन्ही मोजूनच मागवा. पॉट (व्हॉल्यूम-टोनची फिरकी) 250 किलोओहमचे, टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. इंची मापाचा पॉट आशियाई बनावटीच्या बेसच्या छिद्रात अनेकदा जात नाही, छिद्र मोठे करावे लागते.

प्रीअँपला 9 व्होल्टची बॅटरी, तिला जागा आणि केबल खोचताच बॅटरी चालू करणारा स्टीरिओ जॅक लागतो. केबल खोचलेली राहिली की बॅटरी संपते. मुंबईच्या पावसाळी दमटपणात बॅटरीची क्लिपही गंजते.

दर कार्यक्रमाला वेगळा अँप मिळत असेल, तर प्रीअँप घ्या. बास (खालचे सूर) आणि ट्रेबल हाताशी राहतात. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने पिकअपच बदलावेत, कारण पिकअपने न टिपलेला सूर प्रीअँप निर्माण करू शकत नाही.