३१ रात्री आणि एक चेन: चार माणसांच्या तंबूचा आठ महिन्यांचा अनुभव

तंबूच्या दाराची चेन गेली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, चिखलदऱ्याचा पाऊस आडवा येत होता आणि आत आम्ही चौघं होतो. तीन माणसं आणि भुऱ्या, माझा कुत्रा. रनर वर ओढला की चेन लागल्यासारखी दिसायची आणि मागून फस्सकन उघडायची. दहा-बारा वेळा केलं. मास्तर मोबाइलचा टॉर्च धरून बसला होता. म्हणे, "बे, जोर नको लावू, तुटन." तुटायला आता उरलंच काय होतं?

कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतले सगळे एकाच साच्यातून निघाल्यासारखे असतात: दोन फायबर काड्या, वर वेगळं कापड, २००० मिमीचा शिक्का (कापड किती पाणी अडवतं त्याचा आकडा). मागच्या नोव्हेंबरात ४,७९९ रुपयांना घेतला. घरी सांगितलं जागलीसाठी, मित्रांना सांगितलं फिरायसाठी. दोन्ही खरं होतं.

हरभऱ्यात डुकरं घुसतात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारी रात्री वावरातच जातात. पहिल्या रात्री तंबू ठोकला तर काकाजी मचाणावरून ओरडले, "जमिनीवर निजून कोनी जागल करते काय रे?" त्यांचं बरोबर होतं. आतून काही दिसत नाही. डुकरं धुऱ्यापर्यंत आली की भुऱ्या भुंकायचा, मग मी चेन उघडून, चप्पल शोधून, बॅटरी घेऊन बाहेर येईस्तोवर दोन ओळी साफ. पण थंडीत जो निवारा मिळाला त्याला तोड नाही. ताडपत्रीखाली पहाटे दात वाजायचे, तंबूत एका चादरीत भागलं. तेव्हा विचारलं असतं तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

चेनीचा आजार मात्र तिथंच सुरू झाला, हे नंतर उमगलं. आपली काळी माती वाळली की पिठासारखी होते. रात्रीतून सहा-सात वेळा उघडझाप, आणि दर वेळी ते पीठ रनरमध्ये. फेब्रुवारीत चेन करकरायला लागली. मी मेणबत्ती घासली, दोन दिवस गुळगुळीत चालली आणि मग मेणाला आणखी माती चिकटली. मेणबत्ती घासायची तर आधी जुन्या टूथब्रशनं चेन झाडून घ्या. माझं हे उलटं झालं.

मे महिन्याचं थोडक्यात सांगतो. संत्र्याच्या बगिच्यात सावलीला लावला होता. दुपारी आत बसून पाहिलं, पाच मिनिटांत बाहेर. भर उन्हात दिवसभर लावून ठेवू नका, कापड कुजतं.

आता चिखलदरा. मास्तरची व्हॅन, मेडिकलवाला कंपाउंडर, मी आणि भुऱ्या. जुलैचा दुसरा शनिवार. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात कुत्रं घेऊन आत सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यामुळे ओळखीतल्या एका गवळीबुवांच्या खाजगी वावरात परवानगी काढून मुक्काम ठरला. परतवाड्यापर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला, घाट चढून वर आलो तर कंपाउंडर स्वेटर शोधतोय. हजार मीटरच्या वरचं गाव ते. गाविलगड पाहायचा होता. १८०३ साली इंग्रजांनी घेतला तो किल्ला, पण धुक्यात समोरचं झाड दिसेना तर बुरूज कुठून दिसणार? कॉफी पिकणाऱ्या गावात जाऊन आम्ही टपरीवर चहाच प्यालो आणि पाव किलो खवा घेतला. तो भुऱ्यानं संपवला.

तंबू ठोकत असताना गवळीबुवा आले. भुऱ्याकडे पाहून म्हणाले, "हे बाहेर बांधू नका. बिबट मानसाच्या वाटेला जात नाही, कुत्रं मात्र उचलते." भुऱ्या जन्मात कधी छपराखाली झोपलेला नाही. त्याला आत घ्यायला खवा दाखवावा लागला (संपला तो असा). चार माणसांच्या तंबूत तीन माणसं आणि एक ओलं कुत्रं म्हणजे शिगोशीग. छापलेला आकडा माणसं एका कुशीवर, पिशव्यांशिवाय झोपवून काढलेला असतो. एक वजा करूनच घ्या.

तर अशा जागी, अशा रात्री, चेन गेली. कंपाउंडरनं दुकानातली चिकटपट्टी काढली. ओल्या कापडाला ती चिकटली नाही, त्याच्या बोटांना चिकटली. शेवटी चार सेफ्टी पिना, कपड्यांचे दोन चिमटे, आणि खाली जी वीतभर फट उरली तिथं भाताचा गंज (पातेलं) आडवा लावला. भुऱ्या माझ्या पायांवर. दोनच्या सुमारास तो गुरगुरला. तंबू एकदम कलला. मास्तर झारा घेऊन उठून बसला, आणि तोंडातून शब्द नाही. बाहेर कोणीतरी जोरात श्वास सोडला. मग गवळीबुवांची बॅटरी आणि शिवी एकदमच आली: त्यांचं वगार (म्हशीची पारडी) सुटून आमच्या ताणाच्या दोरीत अडकलं होतं. त्या धडपडीत एक काडी जोडापाशी चिरली. फायबर चिरलं की त्याची कुसळं हातात घुसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आठवडाभर टोचतात. काडीवर छत्रीच्या दांड्याची नळी चढवली, अजून चालतेय.

सकाळी छतातून पाणी टपकत होतं. परत आल्या आल्या मी रागात लिहून काढलं: "गळका तंबू, चेन भिकार, एक तारा." पुढचं वाचण्याआधी हे माझं तेव्हाचं मत होतं असं समजा.

गळण्याचं आधी मिटवतो. नंतर अंगणात पाइपनं अर्धा तास पाणी मारून पाहिलं, आत थेंब नाही. म्हणजे ते पाणी आमचंच होतं. तीन माणसं आणि एक कुत्रं रात्रभर श्वास सोडतात, त्यात फट राहू नये म्हणून वरच्या खिडक्याही मी बंद केलेल्या. ती वाफ थंड कापडाला लागून पाणी होते. जागलीत खिडक्या उघड्या असायच्या, म्हणून कधी दिसलं नाही. एक तारा परत.

चेनीचं मात्र मिटलं नाही. वॉरंटी दोन वर्षांची. फोन केला, चौदा मिनिटं गाणं ऐकलं. फोटो पाठवा. पाठवले. व्हिडिओ पाठवा. पाठवला. व्हिडिओत भुऱ्याची शेपटी दिसली आणि उत्तर आलं: "पाळीव प्राण्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." अहो, शेपटीनं चेन जाते काय? परत भांडलो. मग म्हणाले, तंबू स्वखर्चानं कुरिअर करा, तपासून कळवू. कुरिअरवाल्यानं वजन करून ३८० रुपये सांगितले. एकतर्फी.

३८० ऐकून मी तंबू गाडीला बांधला आणि परतवाड्याला बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्यानं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ रनर नखावर धरला. "चेन चांगली हाय भाऊ. रनर घासला." रनरच्या मागच्या तोंडाची फट त्यानं मला उजेडात धरून दाखवली. मातीनं आतून धातू झिजतो, ती फट रुंदावते, आणि दोन्हीकडची वेटोळी एकमेकांत दाबलीच जात नाहीत. त्यानं बारीक पकड घेतली, डाव्या बाजूला हलकं दाबलं, मग उजव्या. लगेच ओढून पाहिलं. पुन्हा एकदा, अगदी केसभर. जास्त दाबलं तर रनर फुटतो म्हणे. चेन खालपासून वरपर्यंत लागली आणि लागलेलीच राहिली. माझ्या तोंडून "अरे बापरे" निघालं. किती झाले? "द्या वीस." दाबलेला रनर फार दिवस टिकत नाही म्हणून त्यानं नवे दोन दिले, तीस रुपयांना.

एकूण पन्नास. चौदा मिनिटांचं गाणं वेगळं.

हिशोब असा: ३१ रात्री, रात्रीला साधारण १५५ रुपये, आणि तंबू अजून उभा आहे. पण रागही आहेच. चेन पाच नंबरची लावली आहे (नंबर मोठा तितकी चेन रुंद), तीसुद्धा सगळ्यात जास्त वापराच्या दारालाच. बॅगेला चालते ती. दाराला आठ नंबरची लावली असती तर कंपनीला किती पैसे जास्त पडले असते? म्हणून साडेतीन तारे. अर्धा त्या बॅगवाल्याचा आहे, कंपनीनं तो आपला समजू नये.

काल संदेश आला: "आपली तक्रार निकाली काढली आहे. अनुभव कसा वाटला?" दोन्ही रनर गाडीच्या किल्लीला अडकवलेले आहेत. भुऱ्याला आता तंबूची पिशवी दिसली की तो आधी जाऊन तिच्यावर बसतो. पोळ्यानंतर परत जायचं चाललंय. त्याआधी कोणी अख्खं दार उसवून आठ नंबरची चेन लावून घेतली असेल तर शिलाई किती पडली ते सांगा. इथला टेलर साडेतीनशे मागतोय.