फुकट कन्व्हर्टरचे साडेतीन हजार

२००६ च्या गणपतीत एका ओळखीच्या व्हिडिओवाल्याने आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरी शूटिंग केलं होतं. आरती, पंगत, आणि शेवटी सुरसागर तलावावरचं विसर्जन. तेव्हा गणपती सुरसागरातच जायचे. बाबा आता नाहीत, ते घरही नाही. त्या दिवसाची एक डीव्हीडी तेवढी उरली आहे. प्लेअर कधीच भंगारात गेला. आई बहिणीकडे नागपूरला निघाली होती, म्हणाली, "ते टॅबमध्ये घालून दे, गाडीत बघत जाईन." काम एवढंच होतं.

डीव्हीडी लॅपटॉपात घातली तर आत व्हीओबी नावाच्या एकेक जीबीच्या फायली. टॅब त्यांना हात लावेना. शेजारचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, "काका, कन्व्हर्टर नाखो ने, मफतमां मळे." म्हणजे फायली टॅबला चालतील अशा करून देणारं सॉफ्टवेअर, तेही फुकट. मफत म्हटल्यावर मी काय थांबतो!

'फ्री व्हिडिओ कन्व्हर्टर' असं शोधलं आणि सगळ्यात वरचं दाबलं. वर असलेलं म्हणजे चांगलं, अशी माझी समजूत. त्या ओळीवर बारीक अक्षरांत 'स्पॉन्सर्ड' लिहिलं होतं, म्हणजे ती जागा पैसे मोजून घेतलेली. हे मला पुढे भाच्याने दाखवलं. इन्स्टॉल करताना 'रेकमेंडेड' आधीच निवडलेलं होतं आणि 'कस्टम' फिक्या करड्या रंगात, दिसू नये असंच. मी नेक्स्ट, नेक्स्ट करत गेलो. कन्व्हर्टर आला, सोबत ब्राउझरचं पहिलं पान बदललं, आणि न मागता एक 'क्लीनर' येऊन लॅपटॉपात चारशेच्या वर दोष असल्याचं ओरडू लागला. इथेच उठायला हवं होतं.

चाळीस मिनिटांनी फाइल तयार झाली. आई चष्मा लावून बसली. बाबा आरतीचं तबक उचलतात, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरपं त्या कंपनीचं नाव! आई म्हणाली, "अरे, ह्यांच्या तोंडावर हे काय लिहिलंय?" मी काही बोलायच्या आत तीन मिनिटं संपली आणि व्हिडिओही संपला. पुढचं हवं असेल तर पूर्ण आवृत्ती घ्या. सात दिवस वापरून बघा, फक्त १.९९ डॉलर.

दोन डॉलरसाठी काय एवढं, म्हणून कार्डचा नंबर घातला. नाकारला गेला. लगेच कोपऱ्यात गप्पांची खिडकी उघडली, पलीकडून अतिशय गोड भाषेत सूचना: बँकेच्या अ‍ॅपमध्ये जा, कार्डच्या सेटिंगमध्ये 'इंटरनॅशनल' बटण चालू करा. केलं. या वेळी पैसे गेले, ओटीपीसुद्धा आला नाही. मला वाटलं, वा, काय सोय आहे!

ती सोय नव्हती. आपल्याकडच्या साइटवर कार्ड वापरलं की सहसा ओटीपी लागतो. परदेशी विक्रेत्याला बऱ्याचदा नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात. ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड परदेशी व्यवहारांना बंदच येतं, ते चालू करणं आपल्या हातात. म्हणजे दाराला कडी आधीच लावलेली होती. मी ती आतून काढली, तीही चोराने सांगितली म्हणून.

पूर्ण आवृत्तीतून आलेला व्हिडिओही धड नव्हता. कोणी हात हलवला की त्यावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा. वैतागून तिसऱ्या दिवशी ते सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि विषय संपला असं समजलो. सॉफ्टवेअर काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही, हे मला कुठे ठाऊक! आठव्या दिवशी सकाळी चहा घेताना मेसेज आला, ३९.९५ डॉलर वजा. बँकेचं जे काय वर लागतं ते धरून साडेतीन हजारांच्या घरात. वर्षाची वर्गणी. ते पान परत उघडलं तर बटणाखाली राखाडी अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. खोटं ते बोलले नव्हते, हेच जास्त लागलं.

बँकेतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "सर, कार्डचे डिटेल्स तुम्हीच दिले होते ना?" तक्रारीचा फॉर्म भरून घेतला, कार्ड बंद केलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या. पैसे गेले ते गेलेच.

दरम्यान, बँकेच्या उत्तराची वाट न बघता नागपूरच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला होता. सॉफ्टवेअर काढूनही त्याचं फोल्डर मागे राहिलं होतं, ते त्याने उघडायला लावलं आणि आतलं एक नाव वाचून हसायलाच लागला. "मामा, हे एफएफएमपेग आहे, व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर. जगभर फुकट मिळतं, २००० सालापासून. यांनी वरून रंगीत बटणं लावलीत." एफएफएमपेगला स्वतःची खिडकी नाही, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावे लागतात. म्हणून माझ्यासारखी माणसं बटणांना भुलतात.

बटणं हवीत तर हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर घ्या म्हणाला. तेही फुकट, ना शिक्का, ना मिनिटांची मर्यादा. त्याची पैसे देऊन घ्यायची आवृत्ती नसतेच, त्यामुळे हँडब्रेकच्या नावाने कोणी कार्ड मागितलं तर तो तोतया. पत्ता शोधत बसायचा नाही, स्वतः टाइप करायचा: हँडब्रेक डॉट एफआर. आता मी ताकही फुंकून पिणारा, म्हणून विचारलं, यात काही लफडं नाही ना? तर तो म्हणाला, एकदा झालं होतं. मे २०१७ मध्ये त्यांच्या एका डाउनलोड सर्व्हरवर कोणीतरी मॅकसाठीची विषारी फाइल ठेवली होती, चारेक दिवस. त्यांनी स्वतःच ते जाहीर केलं. फाइल खरी की बदललेली हे पडताळायला ते चेकसम नावाचे लांबलचक आकडे देतात. ते जुळवून पाहायला मला पाच मिनिटं लागली, आणि ती मी घालवली.

'फास्ट ५७६पी२५' हा तयार साचा निवडला, कारण आपल्याकडची डीव्हीडी ५७६ ओळींचीच असते. ७२० ओळी मागून चित्र सुधारत नाही. 'डीकोम्ब' चालू आहे ना ते पाहिलं, कंगव्याचे दात गेले. सव्वाचार जीबीचं एक जीबी झालं. बाबांचा चेहरा स्वच्छ.

सगळं टॅबमध्ये भरून झाल्यावर भाचा म्हणाला, "तसं, टॅबवर नुसता व्हीएलसी प्लेअर टाकला असता ना मामा, तरी त्या व्हीओबी फायली चालल्या असत्या. कन्व्हर्ट करायचीच गरज नव्हती."

"हे आधी का नाही बोललास?"

"तुम्ही आधी विचारलंत कुठे?"

आई नागपूरला पोचली. गाडीत शेजारच्या बाईंना पूर्ण विसर्जन दोनदा दाखवलं म्हणे. माझं नवं कार्ड आलंय, ते बटण बंद आहे.